जनसंपर्क क्षेत्रातली पहिली नोकरी : कॉलेज संपण्याआधी काय तयारी करावी?

'अकाउंट एक्झिक्युटिव्ह पाहिजे' अशी जाहिरात वाचली की कॉमर्सचा मुलगा 'टॅली येतं' असं लिहून अर्ज पाठवतो आणि आर्ट्सची मुलगी 'हिशेबाचं काम आपल्याला जमायचं नाही' म्हणून पान उलटते. जाहिरात जनसंपर्क एजन्सीची असेल तर दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. तिथे 'अकाउंट' म्हणजे खातेवही नव्हे, तर एजन्सीचा ग्राहक. त्या ग्राहकाचं म्हणणं वर्तमानपत्रं, वाहिन्या, पोर्टल आणि लोक यांच्यापर्यंत नीट पोहोचवणारा सर्वात खालच्या पायरीवरचा माणूस म्हणजे अकाउंट एक्झिक्युटिव्ह. बहुतेकांची सुरुवात याच पदावर होते.

बेळगाव, निपाणी, खानापूर, गोवा किंवा थेट इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी घरांतील मुलांना हे क्षेत्र सहसा कोणी सुचवत नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड, कोकणी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू आणि कॉलेजात इंग्रजी, असा सगळा संसार. त्यामुळे 'आपल्याला एकही भाषा धड येत नाही' हा न्यूनगंड अनेकांच्या मनात असतो. जनसंपर्कात मात्र हीच तीन-चार भाषांची ये-जा भांडवल ठरते. फक्त ते भांडवल कागदावर दाखवता आलं पाहिजे. 'मला चार भाषा येतात' या वाक्याला मुलाखतीत फारसा भाव नाही. चार भाषांत केलेलं काम समोर ठेवलं की भाव येतो.

नेमके काम काय?

जाहिरात आणि जनसंपर्क यांत सुरुवातीला गल्लत होते. जाहिरातीत जागा विकत घेतात आणि तिथे आपल्याला हवं ते छापतात. जनसंपर्कात जागा विकत घ्यायची नसते. बातमीदाराला किंवा लोकांना उपयोगी पडेल अशी माहिती द्यायची असते. ती छापायची की नाही, किती छापायची, हे संपादकीय विभाग ठरवतो. त्यामुळे 'बातमी नक्की लावून देतो' असा शब्द ग्राहकाला देणारा माणूस या धंद्यात फार काळ टिकत नाही.

आधुनिक प्रेसनोटची सुरुवात साधारणपणे १९०६ सालापासून सांगितली जाते. अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला. रेल्वे कंपनीचे सल्लागार आयव्ही ली यांनी माहिती दडपण्याऐवजी अपघाताचं लेखी निवेदन स्वतःहून वर्तमानपत्रांना दिलं. भारतात या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना, पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया, १९५८ मध्ये स्थापन झाली. २१ एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो.

नवख्या कर्मचाऱ्याचा दिवस मात्र इतिहासाने नव्हे, कात्रणांनी सुरू होतो. सकाळी सगळी वर्तमानपत्रं आणि पोर्टल चाळायची, ग्राहकाबद्दल, त्याच्या स्पर्धकांबद्दल आणि त्या उद्योगाबद्दल काय आलंय ते टिपायचं आणि ऑफिस सुरू होताना ग्राहकाकडे पाठवायचं. त्यानंतर प्रेसनोटचा मसुदा, भाषांतर, बातमीदारांची यादी अद्ययावत ठेवणं, फोन, पत्रकार परिषदेची जुळवाजुळव, समाजमाध्यमांवरचा मजकूर आणि महिनाअखेरीस अहवाल. 'गोड बोलता येतं म्हणजे पीआर जमेल' हा समज पहिल्या आठवड्यातच गळून पडतो. बोलण्यापेक्षा वाचणं आणि लिहिणं जास्त असतं.

नोकऱ्या कुठे असतात?

पहिला मार्ग एजन्सीचा. मोठ्या एजन्सी मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, पुणे, हैदराबाद इथे आहेत. दुसरा मार्ग कंपनी, रुग्णालय, शिक्षणसंस्था, सहकारी बँक, साखर कारखाना, हॉटेल यांच्या स्वतःच्या जनसंपर्क विभागाचा. बेळगावचे फौंड्री आणि सुट्या भागांचे कारखाने, गोव्यातलं पर्यटन आणि औषध उद्योग, बडोद्यातले रसायन उद्योग या सगळ्यांना लोकांशी बोलावं लागतं. लहान ठिकाणी या पदाला 'पीआरओ' म्हणतात. मात्र काही रुग्णालयांत पीआरओ म्हणजे स्वागतकक्षात बसून रुग्णांच्या नातेवाइकांना मार्गदर्शन करणारी व्यक्ती असते. तेही काम चांगलंच, पण माध्यमांशी संबंध येणार आहे का, हे रुजू होण्याआधी विचारून घ्यावं.

तिसरा मार्ग सरकारी. महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, कर्नाटकात माहिती व सार्वजनिक संपर्क खाते, गोव्यात माहिती आणि प्रसिद्धी खाते अशी स्वतंत्र यंत्रणा आहे. केंद्राचं पत्र सूचना कार्यालय, म्हणजेच पीआयबी, मराठीतूनही पत्रकं काढतं. भारतीय माहिती सेवेच्या अ गटातील अधिकारी यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून निवडले जातात.

सीमाभागातील उमेदवारांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषिकांना अर्ज करण्याची मुभा महाराष्ट्राच्या सरकारी भरतीच्या जाहिरातींत दिलेली आढळते. त्यासाठी वास्तव्याचा दाखला लागतो आणि इतर अटीही असतात. म्हणून प्रत्येक जाहिरात मुळातून वाचावी, 'आपण बाहेरचे' असं गृहीत धरून सोडून देऊ नये. दाखले ऐनवेळी मिळत नाहीत. शेवटच्या वर्षातच ते काढून ठेवलेले बरे.

चौथा मार्ग स्वयंसेवी संस्था आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. त्या कामाचे अहवाल, लोकांच्या कहाण्या, फोटो, स्थानिक भाषेतली माहितीपत्रकं हे सगळं कोणाला तरी लिहावं लागतं.

कोर्स लागतोच का?

जनसंपर्कासाठी वकिली किंवा सीए यांच्यासारखा परवाना लागत नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर येऊ शकतो. कोर्सचा फायदा असा की लिहिण्याची सवय, इंटर्नशिप आणि ओळखी मिळतात.

दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत, म्हणजे १९६५ मध्ये सुरू झालेल्या आयआयएमसीत, जाहिरात व जनसंपर्काचा अभ्यासक्रम फार जुना आहे. याच संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवली जाते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जाणारा विद्यापीठाचा विभाग आहे. बेळगावकरांना जवळ म्हणजे कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ, इंदुरात देवी अहिल्या विश्वविद्यालय आणि हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ इथे पत्रकारिता व जनसंज्ञापनाचं शिक्षण मिळतं. खासगी संस्थांची फी काही लाखांच्या घरात जाऊ शकते. कर्ज काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : मागच्या दोन वर्षांतले किती विद्यार्थी प्रत्यक्ष जनसंपर्कात लागले, इंटर्नशिप संस्था मिळवून देते की विद्यार्थ्याने शोधायची आणि लिहिलेला मजकूर कोणी तपासून परत देतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर इमारत कितीही चकचकीत असो, विचार करावा.

बी.कॉम.वाल्यांनी स्वतःला कमी समजू नये. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. त्या निकालांवर प्रेसनोट लिहिताना उलाढाल आणि नफा, निव्वळ नफा आणि करपूर्व नफा यांतला फरक कळणारा माणूस लागतो. भाषा चांगली आणि ताळेबंदही वाचता येतो अशी जोडी फारशी मिळत नाही.

भाषा : एकच मराठी सगळीकडे चालत नाही

मुंबईत किंवा दिल्लीत इंग्रजीत तयार झालेली प्रेसनोट मराठीत येते तेव्हा अनेकदा ती शब्दाला शब्द लावलेली असते. 'जाहीर करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे' अशा वाक्याने सुरू झालेलं पत्रक उपसंपादकाच्या टेबलावरून थेट टोपलीत जातं. आनंद कंपनीला झालाय, वाचकाला काय मिळणार ते कळत नाही.

त्यातही सीमाभागाची गोष्ट वेगळी. शेतीच्या कर्जाविषयीचं एकच पत्रक कोल्हापूर, निपाणी आणि फोंडा इथे पाठवायचं असेल तर जमिनीचा कागद कोल्हापुरात सात-बारा, निपाणीत आरटीसीचा उतारा आणि गोव्यात एक-चौदाचा उतारा होतो. महाराष्ट्राच्या गावात ग्रामसेवकाकडे जा म्हणायचं, कर्नाटकात पीडीओकडे. महाराष्ट्रात ज्याला सरकारी 'विभाग' म्हणतात त्याला गोव्यात 'खाते' म्हणतात. गोव्यातला 'पंच' म्हणजे ग्रामपंचायतीचा निवडून आलेला सदस्य, पंचनाम्यावर सही करणारा पंच नव्हे. इंदूरच्या मराठी माणसाला तालुक्यापेक्षा 'तहसील' जवळची वाटते.

ही माहिती महानगरातल्या माणसाला पुस्तकातून मिळत नाही. ती सीमाभागातल्या पोरांना घरबसल्या असते, पण 'हे काय सांगायचं' म्हणून ते बोलत नाहीत. मुलाखतीत नेमकं हेच सांगायचं असतं. शक्य असल्यास एकच पत्रक तीन गावांसाठी तीन प्रकारे लिहून दाखवावं.

कन्नड नुसती बोलता येऊन भागत नाही, वाचता आणि थोडीफार लिहिताही आली पाहिजे. बेळगाव, धारवाड, हुबळी या पट्ट्यात काम करायचं तर कन्नड वर्तमानपत्रं रोज वाचण्याची सवय लावावी. भाषेच्या राजकारणात कोणाची बाजू काय असेल ती असो, बातमीदाराशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस सर्वांनाच हवा असतो.

प्रेसनोट लिहायला शिका

समजा, एका रुग्णालयाचं डोळे तपासणी शिबीर आहे. नवखा लिहितो :

'समाजाप्रती असलेली बांधिलकी जपत नामांकित रुग्णालयातर्फे मान्यवरांच्या उपस्थितीत भव्य नेत्र तपासणी शिबिराचे शानदार आयोजन करण्यात आले आहे.'

तेवढ्याच जागेत असं लिहिता येतं :

'खानापूर येथे येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत डोळ्यांची मोफत तपासणी होणार आहे. येताना आधार कार्ड व जुना चष्मा आणावा.'

पहिल्या मजकुरात विशेषणं आहेत, दुसऱ्यात माहिती. कोण, काय, कुठे, कधी, कशासाठी आणि लोकांनी काय करायचं, हे पहिल्या दोन-तीन वाक्यांत आलं पाहिजे. मान्यवरांची नावं शेवटी. जागा कमी पडली की बातमी सहसा खालून कापतात, हे लक्षात ठेवूनच लिहायचं.

काही साध्या गोष्टी नवख्यांकडून राहून जातात. मजकूर युनिकोडमध्ये, बदल करता येईल अशा फाईलमध्ये पाठवावा. छापील पत्रकाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला तर डेस्कवरच्या माणसाला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. फोटोखाली डावीकडून नावं द्यावीत. कार्यक्रम दुपारी असेल तर मजकूर संध्याकाळपर्यंत द्यावा, पानं लागायच्या वेळी 'आमची बातमी घ्या ना' असा फोन करू नये. माणसांची नावं आणि आकडे दोनदा तपासावेत. मराठी टायपिंग इन्स्क्रिप्ट पद्धतीने शिकलेलं चांगलं. तीच पद्धत कन्नड, गुजराती, तेलुगूलाही बऱ्याच अंशी लागू पडते.

कामाची फाईल

पदवीच्या प्रमाणपत्रापेक्षा ही फाईल महत्त्वाची. तिच्यात आठ-दहा नमुने पुरेत : दोन प्रेसनोट, एका इंग्रजी पत्रकाचं मराठीकरण, एक लहान मुलाखत, कॉलेजच्या कार्यक्रमाची छापून आलेली बातमी आणि तिच्यासोबत आपण पाठवलेला मूळ मजकूर, आठवडाभराची कात्रणं आणि त्यावर अर्ध्या पानाचं निरीक्षण, समाजमाध्यमांसाठी केलेल्या चार-पाच पोस्ट.

यासाठी मोठ्या कंपनीची वाट पाहायला नको. गल्लीतलं गणेश मंडळ रक्तदान शिबीर घेतं, सार्वजनिक वाचनालय व्याख्यानमाला भरवतं, सोसायटीची वार्षिक सभा असते, कॉलेजची एनएसएस तुकडी गावात जाते. यांपैकी एखाद्याची प्रसिद्धी वर्षभर सांभाळली तरी फाईल भरते. बातमी छापून आली नाही तर का आली नाही, हे बातमीदाराला नम्रपणे विचारावं. वेळ बघून विचारलं तर बहुतेक जण सांगतात.

फाईलमध्ये एखाद्या गाजलेल्या प्रकरणाचा अभ्यासही ठेवावा. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारींनी खळबळ उडाली होती. कंपनीने पुढे अधिक घट्ट बंद होणारं वेष्टन आणलं, दुकानदारांना चॉकलेट कसं साठवायचं ते समजावलं आणि अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणलं. आधी वेष्टन बदललं म्हणून पुढचं बोलणं लोकांनी ऐकून घेतलं, हा त्यातला धडा. दुसरं उदाहरण इंदूरचं. स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर २०१७ पासून सलग अनेक वर्षं पहिलं आलं. घराघरातून वर्गीकृत कचरा उचलणाऱ्या गाड्या वेळेवर आल्या, सोबत गाणी, फेऱ्या आणि घरोघरी सांगणं चालू राहिलं. नुसते फलक लावून हे झालं नसतं. चांगला जनसंपर्क चांगल्या कामाच्या मागून चालतो, पुढून नाही.

इंटर्नशिप आणि मुलाखत

दोन-तीन महिन्यांची इंटर्नशिप जवळजवळ अटळ आहे. एजन्सी मिळाली नाही तर स्थानिक वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करावं. रोज येणाऱ्या ढीगभर प्रेसनोटांतून कोणती निवडली जाते, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. इंटर्नशिप बिनपगारी असेल तर कालावधी, कामाची वेळ आणि प्रमाणपत्र या तीन गोष्टी ईमेलवर लिहून घ्याव्यात. पुण्या-मुंबईला राहण्याचा खर्च धरूनच हिशेब करावा. घरची ओढाताण होत असेल तर आपल्याच शहरातलं काम किंवा घरून करता येणारं काम आधी शोधावं.

मुलाखतीत बहुधा लेखी चाचणी होते : अर्ध्या-एक तासात प्रेसनोट, एक भाषांतर. मग प्रश्न. आज पहिल्या पानावर काय होतं? आमचे ग्राहक कोण? चुकीची बातमी छापून आली तर काय कराल? शेवटच्या प्रश्नाला 'संपादकांना फोन लावू' हे उत्तर घाईचं. आधी वस्तुस्थिती तपासायची, चूक असेल तर पुराव्यासह संबंधित बातमीदाराला सांगायचं, आणि बातमी खरी असेल तर ग्राहकालाच ते स्पष्ट सांगायचं. इंग्रजी बोलताना अडखळलं तरी थांबून साधं वाक्य बोलावं. पाठ केलेली भारी वाक्यं लगेच ओळखू येतात.

इथे सावध राहा

नोकरी देण्यासाठी 'रजिस्ट्रेशन', 'ट्रेनिंग किट' किंवा 'डिपॉझिट' मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. पीआरच्या नावाखाली दारोदार वस्तू विकायला लावणाऱ्या, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्या किंवा ऑफिसचा पत्ताच न देणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहावं. मुलींना रात्रीच्या कार्यक्रमांना 'पीआर' म्हणून बोलावलं जात असेल तर काम काय, कुठे, परत सोडण्याची सोय काय, हे आधी लेखी घ्यावं.

दुसरी सावधगिरी स्वतःच्या वागण्याची. बातमीसाठी पाकीट देण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही, आणि नावही जातं. पैसे देऊन करून घेतलेला समाजमाध्यमावरचा मजकूर जाहिरात आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे, असे नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी घालून दिले आहेत. ते पाठ असावेत.

शेवटच्या वर्षाचं वेळापत्रक

जून ते ऑगस्ट : रोज दोन भाषांतली वर्तमानपत्रं, मराठी युनिकोड टायपिंग, पीआयबीच्या मराठी आणि इंग्रजी पत्रकांची तुलना.

सप्टेंबर ते नोव्हेंबर : एखाद्या मंडळाची, वाचनालयाची किंवा कॉलेजच्या उपक्रमाची प्रसिद्धी हातात घ्यावी. गोव्यात २००४ पासून नोव्हेंबरच्या सुमारास इफ्फी चित्रपट महोत्सव होतो. जवळच्यांनी तिथे माध्यमांची व्यवस्था कशी चालते ते पाहावं.

डिसेंबर ते फेब्रुवारी : फाईल पूर्ण करावी, दोन जाणकारांकडून तपासून घ्यावी, इंटर्नशिपसाठी निवडक वीस ठिकाणी वेगवेगळे अर्ज करावेत. एकच अर्ज दोनशे ठिकाणी पाठवण्यात अर्थ नाही.

मार्च ते मे : परीक्षा, मग इंटर्नशिप. त्याच काळात दाखले, पासपोर्ट आकाराचे फोटो, गुणपत्रिका यांची जुळणी.

पहिला पगार फार नसेल आणि पहिलं वर्ष कात्रणं लावण्यात जाईल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं. म्हणजे सहा महिन्यांनी 'याच्यासाठी शिकलास का?' हा प्रश्न आला तरी पाय डळमळत नाहीत. वर्षभर रोज वाचलेली आणि लिहिलेली पानं मात्र कुठे जात नाहीत. पुढच्या मुलाखतीत तीच समोर ठेवायची असतात.